प्रॉव्हिडन्स : डायनर, जुनी घरं आणि 'पूर्वी जिथं अमुक होतं' त्या जागा

उंबरठा

रोड आयलंडमध्ये कुणालाही पत्ता विचारा, हमखास उत्तर येतं, "पूर्वी जिथं अलमॅक्स होतं ना, तिथून डावीकडं." अलमॅक्स ही किराण्याची दुकानं १९९५ साली बंद पडली. म्हणजे ज्याला वाट माहीत नाही त्यानं आधी तीस वर्षांपूर्वीचं गाव पाठ करायचं आणि मग वळायचं! बेनीज हे दुसरं दुकान २०१७ मध्ये बंद झालं, आता पत्ते त्याच्यावरूनही सांगतात. इथली मंडळी स्वतःच या खोडीवर हसतात आणि पुढच्या वाक्यात तसाच पत्ता देतात.

माझा आधी वैताग व्हायचा. पण राज्याच्या राजधानीत, प्रॉव्हिडन्समध्ये, जितकी हिंडले तितकं पटत गेलं की यांचा नाइलाज आहे. जुन्या वास्तू पाडणं सगळ्याच शहरांत चालतं. इथं पाडतातही, पण त्याहून जास्त सरकवतात. घरं सरकवली, नद्या सरकवल्या, रेल्वे स्टेशन सरकवलं, हायवे सरकवला, महायुद्धाचं स्मारक सरकवलं. अशा गावात डायनर (काउंटरवर बसून खायची छोटी खानावळ) जन्माला यावं हे ओघानंच आलं, कारण डायनर मुळात चाकांवरचंच.

तेव्हा सुरुवात तिथून करते. वॉल्टर स्कॉट नावाचा एक छापखान्यात काम केलेला माणूस होता. १८७२ साली त्यानं 'प्रॉव्हिडन्स जर्नल' या वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर, वेस्टमिन्स्टर स्ट्रीटवर, घोडागाडीतून खाणं विकायला सुरुवात केली. बाकीच्या खानावळी संध्याकाळीच बंद व्हायच्या आणि रात्रपाळीवाल्यांना काय लागतं हे त्याला पक्कं ठाऊक. सँडविच, पाय, कॉफी. मालक गाडीत, गिऱ्हाईक रस्त्यावर, मग पाऊस असो की बर्फ. गिऱ्हाइकाला आत घेणारी गाडी आली ती १८८७ मध्ये, शेजारच्या वूस्टर गावात, सॅम्युअल जोन्सची. पुढं या गाड्या इतक्या वाढल्या की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरांनी नियम काढले : सकाळी अमुक वाजेपर्यंत रस्ता मोकळा करा. गाडीवाल्यांनी त्यावर सरळ तोडगा काढला. कोपऱ्यावरचा एखादा चिंचोळा तुकडा भाड्यानं घ्यायचा, गाडी आत ढकलायची, चाकं काढून टाकायची. झालं डायनर.

चाकं न काढलेलं एक अजून आहे, ते म्हणजे हेवन ब्रदर्स. सिटी हॉलच्या भिंतीला खेटून रोज संध्याकाळी त्यांचा ट्रक येऊन लागतो, पहाटेपर्यंत बर्गर-फ्राइज खाऊ घालतो आणि जातो. अ‍ॅन हेवन नावाच्या विधवा बाईनं नवऱ्याच्या विम्याच्या पैशांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा उभा केला. १९८० च्या दशकात महापौरांनी ती गाडी तिथून हटवली, तर लोकांनी एवढा गहजब केला की परत आणावी लागली. गंमत बघा, सगळ्या गावात रोज हलणारी ही एकच वस्तू, आणि तीच आपल्या जागेवर टिकून आहे.

कुणाकुणाला काय काय माहीत आहे ते लिहा. डायनर, घरं, नाहीशी झालेली दुकानं, थेटरं, सगळं चालेल. फक्त प्रॉव्हिडन्स आणि आसपास, बॉस्टनचा वेगळा धागा काढू.

---

झुळूक

रुमाल टाकून ठेवते. रात्री निवांत वाचीन.

---

गवती_चहा

मस्त धागा! आम्ही बॉस्टनजवळ राहतो, कम्युटर रेल्वेनं तासाभरात येता येईल. दोन बाळबोध प्रश्न. गाडी नसली तर चालेल का? आणि घरात एक कट्टर शाकाहारी सासूबाई आहेत, त्यांचं डायनरमध्ये काय?

---

उंबरठा

गवती_चहा, गाडी नको. डाउनटाउन आणि कॉलेज हिलची टेकडी पायी होते. शेजारच्या पॉटकेट गावी जायचं तर बस आहे.

सासूबाईंसाठी पॅनकेक, होम फ्राइज, टोस्ट, ग्रिल्ड चीज. न्यू इंग्लंडातली खास गोष्ट म्हणजे मफिन आडवा कापून तव्यावर लोणी सोडून भाजतात, ब्लूबेरी मफिनला कडेनं तांबूस कुरकुरीत पापुद्रा येतो. तो नक्की खाऊ घाला. मात्र तवा एकच असतो आणि सकाळभर त्याच्यावर बेकन चाललेलं असतं. अंडंही न चालणारं माणूस असेल तर पॅनकेकच्या पिठात अंडं आहे हे आधीच सांगा, नंतर वाद नको. कॉफी मिल्क द्या त्यांना, दुधात कॉफीचं गोड सरबत घातलेलं असतं. १९९३ पासून ते रोड आयलंडचं अधिकृत राज्यपेय आहे. आमच्या घरी आलेल्या झाडून सगळ्या ज्येष्ठ मंडळींना आवडलंय.

ऑल्नीव्हिल न्यूयॉर्क सिस्टिममध्ये मात्र त्यांना नेऊ नका. १९४६ पासूनचं दुकान, हॉट वीनर मिळतात. माणूस आपल्या उघड्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पाव ओळीनं मांडतो, त्यात सॉसेज, मग मस्टर्ड, खिम्याचा रस्सा, कांदा, वरून सेलरी सॉल्ट. बघायला धमाल, पण त्यांच्यासमोर नको.

---

नाटकी_नाऱ्या

न्यूजर्सीकर हजर! डायनर म्हटलं की आमचा हक्क आधी, पण जन्म प्रॉव्हिडन्सचा हे मान्य करावं लागतंय. 😀

एक गैरसमज दूर करतो, कारण इथल्या प्रत्येक गप्पांत तो निघतो. डायनर म्हणजे जुना रेल्वेचा डबा नव्हे. काही लोकांनी भंगारातल्या ट्रॅम घेऊन त्यात खानावळी काढल्या होत्या, नाही असं नाही. पण बहुतेक डायनर कारखान्यात मुद्दाम बनवलेले असतात. लांब आणि अरुंद का, तर कारखान्यातून जागेवर न्यायचे असत. रस्त्यावरून किंवा रेल्वेच्या सपाट डब्यावरून जाईल तेवढीच रुंदी. आत काउंटर, स्टुलं, तवा, कपाटं, सगळं बसवून येई. पाण्याचा नळ, गॅस जोडला की धंदा सुरू.

ओळखायचं कसं? आमच्याकडं पॅटरसनला सिल्क सिटी नावानं डायनर बनत. त्यांच्या नंबरात पहिले दोन आकडे सालाचे, पुढचे दोन त्या साली कितवा. म्हणजे ४६५५ दिसला तर १९४६ मधला ५५ वा. आत गेलात की दाराच्या वर बघा, पट्टी असते. मी जेवायला बसण्याआधी तिकडंच मान वर करून उभा असतो, बायको ओळख दाखवत नाही.

वूस्टरवाल्यांची पद्धत कशी होती? जाणकारांनी सांगावं.

---

उंबरठा

नाऱ्या, वूस्टर लंच कार कंपनी १९०६ ते १९५७. एकूण ६५१ डायनर बनवले आणि नंबर २०० पासून सुरू केले. पहिल्याच गिऱ्हाइकाला १ नंबर कशाला दाखवा! म्हणून शेवटचा नंबर ८५० आहे. साल त्यात नाही, नुसती क्रमवारी.

त्यांचे डायनर लांबूनच ओळखू येतात. स्टेनलेस स्टीलचा चकचकाट नाही. बाहेरून पोलादी पत्र्यावर मीनाकारी, पोर्सिलेन एनॅमल, आणि नावाची वळणदार गॉथिक अक्षरं त्या एनॅमलमध्येच भाजून काढलेली. रंगवलेली नसल्यामुळे सत्तर-ऐंशी बर्फाळ हिवाळे काढूनही अक्षर धड असतं. आत ओक किंवा महोगनीचं लाकूड, संगमरवरी काउंटर, बारीक टाइल्स. वूस्टरचं मिस वूस्टर हे १९४८ चं, नंबर ८१२, आणि उभं कुठं आहे तर कारखान्याच्या समोरच. म्हणजे आयुष्यात रस्ता ओलांडण्यापलीकडं प्रवास नाही!

पण या भागातलं माझं लाडकं वूस्टरचं नाहीच. पॉटकेटचं मॉडर्न डायनर. ते स्टर्लिंग स्ट्रीमलाइनर आहे, मॅसॅच्युसेट्समधल्या जडकिन्स कंपनीचं. हे मूळचे घोडागाड्या आणि मग महागड्या मोटारींच्या बॉड्या बनवणारे. मंदीत मोटारींची गिऱ्हाइकं आटली तेव्हा डायनरकडं वळले. त्या वेळी आगगाड्यांच्या निमुळत्या इंजिनांची फॅशन होती, म्हणून डायनरच्या टोकाला तसाच गोलसर उतार दिला. उभ्या उभ्या भन्नाट वेगानं निघाल्यासारखं दिसतं, गडद तांबडा आणि दुधी रंग. युद्ध आलं आणि स्टर्लिंगचं उत्पादन संपलं, त्यामुळे फार थोडे बनले आणि त्याहून थोडे उरलेत. राष्ट्रीय वारसा नोंदवहीत गेलेलं देशातलं हे पहिलं डायनर, १९७८ साली. आणि अर्थातच १९८४ मध्ये तेही आपल्या जागेवरून हलवून ईस्ट अव्हेन्यूवर आणलं. कस्टर्ड फ्रेंच टोस्ट मागवा. टोकाकडच्या बाकावर जागा मिळाली तर तिथं बसा, छताचा तो उतार डोक्यावर येतो.

---

निवृत्त_स्लाइडरूल

सत्तरच्या दशकात मी इथं शिकायला आलो. आताच्या पोरांना डाउनटाउनमध्ये नदीकाठी आइस्क्रीम खाताना पाहतो तेव्हा सांगावंसं वाटतं, अरे, इथं नदी नव्हती! म्हणजे होती, पण डांबराखाली.

वूनास्क्वाटकेट आणि मोशॅसक अशा दोन नद्या डाउनटाउनमध्ये मिळतात आणि प्रॉव्हिडन्स नदी होते. वर्षानुवर्षं एकाला लागून एक पूल बांधत गेले आणि शेवटी सगळा मिळून एकच प्रचंड पत्रा झाला. क्रॉफर्ड स्ट्रीट ब्रिज, रुंदी ११४७ फूट, जगातला सर्वांत रुंद पूल म्हणून गिनीज बुकात. लांबीचं कौतुक असतं, यांना रुंदीचं मिळालं. वर पार्किंग आणि मधोमध पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाचा उंच स्तंभ. त्याच्याभोवती सगळीकडून गाड्या घुसायच्या. लोक त्याला 'सुइसाइड सर्कल' म्हणत, त्यावरून काय ते समजा. पायी ओलांडताना मी रामरक्षा म्हटलेली आहे.

१९८० च्या दशकात आधी रेल्वेचे रूळ उत्तरेला नेले. १८९८ चं युनियन स्टेशन आहे तिथंच राहिलं, गाड्या मात्र निघून गेल्या. नवं स्टेशन १९८६ चं, स्टेट हाउसच्या (राज्याच्या विधानभवनाच्या) पायथ्याशी. मग वास्तुविशारद विल्यम वॉर्नरच्या आराखड्यानुसार नद्या उघड्या केल्या. नुसत्या उघड्या नव्हे, नवं पात्र खणून त्यांचा संगमसुद्धा पूर्वेला सरकवला. आपल्याकडं संगम हलवायचा म्हटलं असतं तर काय झालं असतं कल्पना करा. स्मारकाचा स्तंभ साउथ मेन स्ट्रीटवर गेला. १९९४ मध्ये वॉटरप्लेस पार्क झालं आणि त्याच वर्षी बार्नबी एव्हान्सनं नदीत शेगड्या पेटवायला सुरुवात केली, तेच वॉटरफायर.

दुकानांबद्दल : वेबॉसेट स्ट्रीटवरचं आउटलेट हे आमचं सर्वस्व. माझा पहिला थंडीचा कोट तिथला. १८९४ पासूनचं दुकान, स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं होतं त्यांनी १९२२ मध्ये. १९८२ ला बंद, १९८६ ला आग, सगळं खाक. आज तिथं जॉन्सन अँड वेल्स विद्यापीठाची हिरवळ आहे. शेपर्ड १९७४ मध्येच गेलं, पण वेस्टमिन्स्टर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं त्यांचं घड्याळ अजून आहे. भेटायचं ठरलं की सगळे त्या घड्याळाखालीच भेटत.

---

झुळूक

स्लाइडरूल काका, तुम्ही अजून लिहा हो. सुइसाइड सर्कलला रामरक्षा 😂

---

पायपीट

घरांचं मी घेते. बेनिफिट स्ट्रीट दर शरद ऋतूत पालथी घालते.

स्टेशनवर उतरून नदीच्या काठानं मार्केट हाउसकडं या. हे १७७० च्या दशकातलं विटांचं बांधकाम. बहुतेक लोक फोटो काढून पुढं जातात. थांबा आणि भिंत बघा. १८१५ च्या वादळात पाणी कुठवर चढलं याची खूण आहे आणि १९३८ च्या चक्रीवादळाची त्याच्या वर. खालच्या खुणेपाशी उभं राहून वरच्या खुणेकडं पाहिलं की पोटात गोळा येतो, कारण आपण डाउनटाउनच्या ऐन मध्यात असतो. १९६० च्या दशकात फॉक्स पॉइंटला वादळरोधक दरवाजे बांधले ते यामुळेच.

तिथून चढ. १७७५ चं पहिलं बॅप्टिस्ट चर्च, मग बेनिफिट स्ट्रीट. हा रस्ता अठराव्या शतकाच्या मध्याला आखला. त्याआधी इथं घरांमागच्या लांबट परसबागा होत्या आणि परसात प्रत्येक घराण्याची आपापली थडगी. रस्ता करायचा तर थडगी मधे, मग त्यांची रवानगी नॉर्थ बरिअल ग्राउंडमध्ये. म्हणजे उंबरठा म्हणते ते सरकवणं मेलेल्यांनाही चुकलं नाही.

आणि खुद्द रॉजर विल्यम्स! १६३६ मध्ये ज्यानं हे गाव वसवलं त्याला त्याच्याच परसात पुरलं होतं. १८६० मध्ये सन्मानानं हलवायचं म्हणून खणलं तर फारसं काही हाती लागेना. सापडलं काय, तर सफरचंदाच्या झाडाचं मूळ, पाठीच्या कण्यासारखं सरळ गेलेलं आणि खाली दोन पायांसारखं फुटलेलं, गुडघ्यात वाकल्यासारखं. लोकांनी ठरवलं की झाडानं संस्थापकाला खाल्लं. ते मूळ टाकलं नाही. रोड आयलंड हिस्टॉरिकल सोसायटीनं जपलंय, जॉन ब्राउन हाउसला बघायला मिळतं. विल्यम्सच्या थडग्यातली जी काय माती गोळा झाली होती ती १९३९ पासून प्रॉस्पेक्ट टेरेसवरच्या पुतळ्याखाली आहे. तिथून गावाचा नजारा सुरेख. दगडी पुतळा हात पुढं करून उभा आहे, त्याच्या हाताखालून स्टेट हाउसचा फोटो काढायची पद्धत आहे. नाही काढलात तरी चालेल.

घरांवरच्या पाट्या वाचत चला. प्रॉव्हिडन्स प्रिझर्व्हेशन सोसायटीच्या पाटीवर मूळ मालकाचं नाव आणि साल असतं. स्टीफन हॉपकिन्सचं लाल घर चुकवू नका. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा हा माणूस. त्याचं घर १८०४ मध्ये एकदा आणि १९२७ मध्ये पुन्हा सरकवलंय.

---

गवती_चहा

मूळ!! हे बघायलाच हवं. सासूबाईंना आवडेल असं वाटतंय, त्यांना असल्या गोष्टींत भारी रस.

---

काळा_फळा

चांगलं चाललंय, पण बेनिफिट स्ट्रीटच्या कौतुकात एक बाजू राहतेय.

१९५० च्या दशकात ब्राउन विद्यापीठानं वसतिगृहांसाठी जुनी घरं पाडली, त्यावरून १९५६ मध्ये ही प्रिझर्व्हेशन सोसायटी निघाली. १९५९ मध्ये त्यांनी आणि नगर नियोजनवाल्यांनी मिळून कॉलेज हिलचा अभ्यास छापला, जो पुढं देशभर गाजला. घरं वाचली, छान. पण त्याच टेकडीला लागून असलेली लिपिट हिल ही प्रामुख्यानं कृष्णवर्णीयांची वस्ती. ती 'नूतनीकरणा'त सपाट झाली. आज तिथं युनिव्हर्सिटी हाइट्स आणि दुकानं आहेत. फॉक्स पॉइंटला केप व्हर्डहून आलेल्या गोदी कामगारांची घरं. त्यांच्यावर आधी आय-१९५ हा हायवे आला आणि उरलेल्यांना वाढत्या भाड्यांनी घालवलं. त्या घरांवर पाट्या लागल्या त्या १७९० च्या मालकाच्या नावानं. १९५० मध्ये तिथं कोण राहत होतं ते पाटीवर नाही.

आणि जॉन ब्राउन हाउस म्हणजे नुसता देखणा वाडा नव्हे. त्या माणसानं गुलामांच्या व्यापारात पैसा घातला, तो व्यापार उघड उघड उचलून धरला. संघराज्याच्या १७९४ च्या गुलामव्यापारविरोधी कायद्याखाली खटला चाललेला तो पहिला अमेरिकन, १७९७ मध्ये त्याचं 'होप' जहाज जप्त झालं. त्याचा सख्खा भाऊ मोझेस या व्यापाराविरुद्ध लढत होता. एका घरातली ही दोन टोकं समजल्याशिवाय तो जिना चढण्यात अर्थ नाही.

---

पायपीट

काळा_फळा, मुद्दे मान्य. पण बिआट्रिस चेससारख्या बाईनं चाळीसेक मोडकळीस आलेली घरं विकत घेऊन दुरुस्त केली नसती तर तिथंही आज पार्किंगच असतं. ती घरं तेव्हा खोल्या खोल्या करून भाड्यानं दिलेली, छपरं गळकी.

---

काळा_फळा

त्या खोल्यांत कोण राहत होतं, हाच तर माझा प्रश्न आहे.

---

उंबरठा

दोघांचंही वाचतेय. माझं मत काळा_फळाकडं झुकतं. घर सरकवलं की त्याचा पाया नवा घालतात, माणसं सरकवली की तेवढंही करत नाहीत. पण पायपीटचंही खोटं नाही. लाकडी घराला दोन हिवाळे छप्पर नसलं की चर्चा करायला काही उरत नाही.

आय-१९५ चा विषय निघालाच आहे तर, तो हायवेही हलवला! २००७ पासून वाहतूक दक्षिणेच्या नव्या मार्गावर जाऊ लागली आणि जुना रस्ता उखडला. नदीतले त्याचे खांब मात्र ठेवले आणि त्यांच्यावर पादचारी पूल केला, २०१९ मध्ये उघडला. लाकडी पायऱ्यांवर लोक डबे उघडून बसलेले असतात. फॉक्स पॉइंटची मोडलेली घरं काही परत आली नाहीत.

---

नवं_बिऱ्हाड

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही पॉटकेटमध्ये तीन मजली लाकडी घर घेतलंय (ट्रिपल डेकर). एजंट म्हणाला १९०० चं आहे. खरं साल आणि आधीचे लोक कसे शोधायचे?

---

नाटकी_नाऱ्या

अभिनंदन! पेढे कुठंयत?

१९०० या सालावर मुळीच विश्वास ठेवू नका. कराच्या नोंदींत '१९००' म्हणजे बऱ्याचदा 'जुनं आहे, कुणाला ठाऊक' एवढाच अर्थ असतो.

---

निवृत्त_स्लाइडरूल

नवं_बिऱ्हाड, कामाचा क्रम असा धरा. आधी गावच्या कचेरीत खरेदीखतं. आजपासून मागं मागं जायचं, प्रत्येक खतात आधीच्या खताचा पुस्तक-पान क्रमांक असतो. एका टप्प्यावर 'इमारतीसह जमीन' जाऊन नुसती 'जमीन' येईल. त्या दोन खतांच्या मधे घर बांधलं गेलं.

मग सॅनबोर्नचे नकाशे. आगविमा कंपन्यांसाठी काढलेले, घर न् घर दाखवलेलं, विटांची इमारत गुलाबी आणि लाकडी पिवळी. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पुष्कळ आहेत, फुकट. एका आवृत्तीत तुमचा प्लॉट रिकामा आणि पुढच्यात पिवळा चौकोन दिसला की झालं. राहणाऱ्या माणसांसाठी सिटी डिरेक्टऱ्या, त्यात नाव आणि धंदा दोन्ही. जनगणनेचे कागद जोडीला ठेवा. ट्रिपल डेकर असल्यानं तीन कुटुंबं सापडतील, बहुधा गिरणीतली.

आणि तळघरात जाऊन खिळे बघा. चौकोनी, निमुळते, कापीव खिळे असतील तर साधारण १८९० च्या आधीचं काम. गोल तारेचे असतील तर नंतरचं. एखादा बदललेला खिळा बघून निष्कर्ष काढू नका, तुळयांच्या सांध्यातले बघा.

---

नवं_बिऱ्हाड

काका, शनिवारी तळघरात टॉर्च घेऊन जातोय. खूप आभार.

---

झुळूक

आता माझी पाळी. गेलेल्या जागांत वॉरिकचं रॉकी पॉइंट कुणी लिहिलं नाही? समुद्रकाठचा मनोरंजन पार्क, १९९५ मध्ये बंद. आमच्या शेजारीण आजी अजून तिथल्या क्लॅमकेकची (शिंपल्यांच्या भज्यांची) चव सांगतात. २०१४ पासून राज्याचं उद्यान आहे, फिरायला मोकळं. पाळण्यांचे थोडेच अवशेष उरलेत, पण १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातून आणलेली एक कमान अजून गवतात उभी आहे.

ईस्ट प्रॉव्हिडन्सचा क्रेसेंट पार्क १९७९ मध्ये गेला, पण त्याचं मेरी-गो-राउंड लोकांनी लढून वाचवलं. चार्ल्स लूफनं १८९५ मध्ये बनवलेलं. लाकडी घोडे, प्रत्येकाची आयाळ वेगळी, आणि फिरता फिरता बाजूच्या खांबावरून कडी ओढायची. पितळी कडी हाती आली तर एक फेरी फुकट. माझ्या मुलापेक्षा नवराच जास्त वाकत होता.

---

पायपीट

झुळूक 😄

गॅनो स्ट्रीटच्या बाजूनं सीकाँक नदीवर एक पूल आकाशाकडं तोंड करून उभा दिसतो, तो क्रूक पॉइंटचा, १९०८ चा रेल्वेचा उघडता पूल. १९७६ मध्ये वापर थांबला तेव्हा वर उचललेला तसाच सोडून दिला. त्याला जोडलेला बोगदा टेकडीच्या पोटातून जातो. १९९३ मध्ये विद्यार्थ्यांनी आत जंगी पार्टी केली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तोंडं बंद केली गेली. १९१४ चा दुसरा बोगदा ट्रॉलीचा, त्यातून अजून सिटीबस जाते. भाडं देऊन जुन्या वास्तूतून जायचं तर तो सर्वांत स्वस्त मार्ग.

---

गवती_चहा

डाउनटाउनमध्ये लांबून दिसणारी ती पायऱ्यापायऱ्यांची उंच इमारत कुठली? आणि आत जाता येतं का?

---

उंबरठा

तिला सगळे सुपरमॅन बिल्डिंग म्हणतात. १९२८ ची, इंडस्ट्रियल ट्रस्ट बँकेची, २६ मजले, ४२८ फूट, राज्यातली सर्वांत उंच. २०१३ मध्ये शेवटचा भाडेकरू असलेली बँक निघून गेली. बाहेरूनच बघा. जवळच १८२८ चं आर्केड आहे, तिथं मात्र खुशाल आत जा. देशातला सर्वांत जुना छप्पर असलेला बाजार, वरच्या मजल्यांवर आता इवलीशी घरं केलीत. आत जाताना एक दर्शनी बाजू नीट बघा, पलीकडून बाहेर पडल्यावर मागं वळून दुसरी. दोन वेगळ्या वास्तुविशारदांची कामं आहेत, माथे जुळत नाहीत.

मॉडर्न डायनरला जाणार असाल तर सकाळीच जा, ते न्याहारी आणि दुपारच्या जेवणापुरतंच असतं. रविवारी बाहेर रांग असते. रोख पैसे जवळ ठेवा.

---

नाटकी_नाऱ्या

धागाकर्तीची परवानगी गृहीत धरून एक उपक्रम सुरू करतो. वूस्टरचे नंबर इथं गोळा करूया. वूस्टरमधलं शूजबरी स्ट्रीटवरचं बुलेवार्ड डायनर १९३६ चं, नंबर ७३०. मिस वूस्टर ८१२. नॅटिकचं केसीज १९२२ चं आहे, दहाच स्टुलं, त्याचा नंबर कुणी वाचला असेल तर टाका. मालक कामात नसेल तेव्हाच विचारा. आणि काउंटरवर काहीतरी मागवा आधी, नुसते भिंती बघत उभे राहू नका. अनुभवाचे बोल.